मग ओरडला कशाला?

2023 च्या पावसाळ्यात मी आठवडाभर गावी होते, श्रीवर्धन तालुक्यात. बाहेर पागोळ्या लागल्या होत्या, आई माजघरात बसून आठळ्या सोलत होती आणि मी तिच्यासमोर लॅपटॉप उघडून कामाचं सोंग करत होते. एकदम माझा फोन किंचाळला. वाजला नाही, किंचाळला. मागोमाग आईचा, कोनाड्यातला. मांजर कपाटाखाली गेलं. आईला वाटलं सिलिंडरचं काहीतरी झालं, ती आठळ्यांची परात तशीच ठेवून स्वयंपाकघराकडे धावली. मी स्क्रीनवरचं वाचलं. सरकारतर्फे आलेला चाचणी संदेश होता, आपत्तीच्या वेळी सगळ्यांचे फोन एकदम वाजवता येतात का ते बघत होते. आपण काही करायचं नाही, संदेशाकडे दुर्लक्ष करावं, असं त्यात लिहिलं होतं. आईला तसं सांगितलं. ती गॅसचा नॉब दोनदा तपासून परत आली, खाली बसली, आठळी हातात घेतली आणि म्हणाली, "दुर्लक्ष करा म्हणतो? अगो, मग ओरडला कशाला?"

मी हसले. चाचणी का घ्यावी लागते वगैरे समजावून सांगितलं. तिनं ऐकल्यासारखं केलं. पण प्रश्न काही माझ्या डोक्यातून जाईना, कारण तिला तो विचारायचा हक्क होता. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या डोक्यावरून गेलं तेव्हा ती या घरात एकटी होती आणि मी टाळेबंदीत डोंबिवलीला अडकले होते. आदल्या दिवसापासून मी फोनवरून घसा कोरडा केला. शाळेत जा, नाहीतर स्लॅबच्या घरात जा, कुठंही जा. तिचं एकच, वाडी सोडून कुठं जाऊ? सकाळी रस्त्यावरून रिक्षा भोंगा लावून फिरून गेली. पण आमचं घर रस्त्यापासून आत, पोफळींच्या मागे. "आवाज आला, शब्द कळले नाहीत," असं तिनं नंतर सांगितलं. मग अकराच्या सुमाराला शेजारचा मुलगा आला. त्यानं काही विचारलं नाही, समजावलं नाही. तिची औषधांची पिशवी आणि चष्म्याची डबी उचलली आणि चालू लागला. ही त्याच्या मागे ओरडत निघाली. ती अजून सगळ्यांना हेच सांगते, की माझी पिशवी गेली म्हणून मी गेले.

नंतर तीन दिवस फोन बंद. वीज तर कित्येक आठवडे नव्हती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी म्हसळ्याच्या पुढे येऊन रेंज शोधून मला कळवलं की आई बरी आहे, कौलं गेली, वाडी झोपली. "झोपली" हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा असा ऐकला. पुढं प्रत्यक्ष गेले तेव्हा कळलं की दुसरा शब्दच नाही त्याला. आजोबांनी लावलेल्या पोफळी एकाच दिशेला आडव्या, जणू कुणी केस विंचरून ठेवले होते. मधे जिथं कधी ऊन पोचत नव्हतं तिथं लखलखीत ऊन पडलं होतं आणि मातीला एक आंबूस वास येत होता. भरपाई हेक्टरावर मोजायची की झाडावर, यावर ओटीवर रोज वाद झडत. पोफळ धरायला किती वर्षं लागतात ते कुठल्याच तक्त्यात बसत नव्हतं.

पण मला सांगायचंय ते वादळाबद्दल नाही, त्या पिशवीबद्दल. कारण माणसाला घरातून बाहेर काढायची ही रीत मी त्याआधी एकदा पाहिली होती, आमच्या गावापासून फार लांब.

माझी तीन वर्षं ढाक्यात गेली. कपड्यांच्या एका बायिंग हाऊसमध्ये नोकरी होती. युरोपातल्या दुकानांसाठी शर्ट शिवून घ्यायचे, टाके मोजायचे, उशीर झाला की कारखान्यावर आणि जहाजावर ओरडायचं. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणारी मैत्रीण बरगुन्याची. बरगुना म्हणजे दक्षिणेचं टोक, नद्या जिथं समुद्राला मिळतात तो भाग. जानेवारी 2014 मध्ये ती मला चार दिवस घरी घेऊन गेली. संध्याकाळी सदरघाटावरून लाँच सुटली. घाटावरचा काळा पाण्याचा वास, झालमुडीवाल्याच्या डब्याचा खडखडाट, डेकवर चटया टाकून पसरलेली कुटुंबं. सकाळी जाग आली तेव्हा दोन्हीकडे धुकं आणि मधूनच किनाऱ्यावर माड-पोफळी. मला क्षणभर खरंच कळेना मी कुठं आहे. घाटावरून भाड्याच्या मोटरसायकलवर मागे बसून आम्ही तिच्या खालेच्या, म्हणजे मावशीच्या, गावी गेलो. वाट बांधावरून. ते त्याला बेडीबांध म्हणतात, आम्ही खारबंदिस्ती. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला भात, आणि नदी भातापेक्षा उंच. हे डोळ्यांना खटकत राहतं. आपल्याकडेही खाडीच्या भरतीला तसं दिसतं, पण तिथं मैलोनमैल तसंच आहे.

खाला पंचेचाळिशीची, ठेंगणी, पान खाणारी. खजुराच्या ताज्या गुळाबरोबर तिनं चितोई पिठे दिले, आपल्या घावनाच्या जाडसर बहिणी. मग मैत्रीण म्हणाली, हिला तुझं सामान दाखव ना. खालेनं पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. आत पिवळट हेल्मेट, एक रेनकोट, गमबूट (दोन नंबर मोठे, पुढच्या टोकांत कापड कोंबलेलं), घडी घातलेली लाल निशाणं, आणि हातानं फिरवायचा भोंगा. मेगाफोन निराळा, तो भिंतीवर. त्याच्या बॅटऱ्या तांदळाच्या डब्यात होत्या. दमट हवेत बाहेर ठेवल्या तर ऐन वेळी दगा देतात, म्हणाली. तांदळात हात खुपसून तिनं त्या काढून दाखवल्या, झटकल्या, परत पुरल्या.

ती सीपीपीची स्वयंसेविका होती. चक्रीवादळ पूर्वतयारी कार्यक्रम असं लांबलचक नाव, पण तिकडं सगळे सीपीपीच म्हणतात. नोव्हेंबर 1970 च्या भोला वादळात तीन ते पाच लाख माणसं मेली, नक्की आकडा कधीच लागला नाही. त्यानंतर 1972 मध्ये रेडक्रॉसनं हे काम सुरू केलं, पुढच्या वर्षी नव्या देशाचं सरकार त्यात आलं. गावोगावच्या माणसांच्या तुकड्या. पगार नाही. मी गेले तेव्हा एका तुकडीत पंधरा जण, त्यात पाच बायका. आता वीस असतात आणि निम्म्या बायका. सगळ्या किनाऱ्यावर मिळून शहात्तर हजारांच्या आसपास माणसं.

निशाणांची भाषा खालेनं मला शिकवली. चार नंबरच्या इशाऱ्याला एक निशाण. पाच, सहा, सात म्हणजे विपद संकेत, दोन निशाणं. आठ, नऊ, दहा म्हणजे महाविपद, तीन निशाणं आणि भोंगा. मी आपलं विचारलं, म्हणजे आठापेक्षा दहा वाईट ना? ती खो खो हसली. सगळे असंच समजतात, म्हणाली. हे आकडे मुळात जहाजांसाठी केलेले. वादळ बंदराच्या कुठल्या अंगानं जाणार ते त्यातून कळतं, जोर तिन्हींचा सारखाच. गावात कुणाला बंदराचं काय? आठ ऐकलं की लोक म्हणायचे, अजून दोन बाकी आहेत, तोवर भात उरकून घेऊ. म्हणून तर निशाणं आली, एक, दोन, तीन, एवढं सोपं. आणि अकरा नंबर? अकरा म्हणजे हवामान कचेरीशी संपर्कच तुटला, जो तो आपापला. हे सांगताना तिला फार मजा वाटत होती. मला त्या अकरा नंबराची नंतर बरेच दिवस धास्ती वाटत राहिली.

रात्री कंदिलाजवळ बसून ती अडकित्त्यानं सुपारी कातरत होती. तिकडेही शुपारीच म्हणतात, आणि कातरायची लकबही आमच्या आजीसारखी, अंगठा आत दुमडून. मी विचारलं, तुम्ही यात कधीपासून? सिडरनंतर, म्हणाली. सिडर वादळ 15 नोव्हेंबर 2007 च्या रात्री आलं आणि ते त्यांच्याच जिल्ह्यांवर आलं. सीपीपीवाले दारात आले होते. तरी ती गेली नाही. का? तर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुमात्राकडे भूकंप झाला आणि सुनामीचा इशारा निघाला. अख्खं गाव अंधारात पोरंबाळं घेऊन निवाऱ्याकडे धावलं. पाण्याची लाट काही आली नाही. सकाळी परत आले तर हिची तीन बदकं कोल्ह्यानं नेलेली. वर शेजारी पंधरा दिवस चेष्टा करत होते. दोन महिन्यांनी तेच लोक तोच भोंगा घेऊन दारात उभे राहिले तेव्हा हिच्या डोळ्यांपुढे बदकं आली.

"शाशुडी गेली," म्हणाली. सासू. आणि पुढची सुपारी अडकित्त्यात धरली.

सिडरमध्ये साडेतीन हजारांच्या आतबाहेर माणसं गेली. 1991 च्या वादळात जवळपास एक लाख चाळीस हजार गेली होती. कागदावर ही मोठीच मजल आहे आणि ती सीपीपीच्याच नावावर मांडली जाते, मांडायलाच हवी. पण खालेच्या ओसरीवर बसून तो आकडा मला तोंडातून काढवला नाही. तिच्या हिशेबात सिडर म्हणजे एक सासू आणि तीन बदकं, आणि त्यातलं दुसरं पहिल्याला कारण. पुढच्या वर्षी ती आपणहून तुकडीत गेली. का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या अंगणात बायकांची बैठक होती. उठान बैठक म्हणतात. वीसेक जणी, कडेवर पोरं, एक म्हातारी सतत झोपणारी. खालेनं आधी आपला पदर कमरेला दोन वेढे खोचला आणि केसांचा उंच अंबाडा बांधून दाखवला. 1991 मध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त बायका मेल्या. साड्या पायात आल्या, मोकळे केस झाडाझुडपांत गुंतले, आणि बऱ्याच जणी नवरा येईपर्यंत घर सोडता येईना म्हणून थांबल्या. हे सगळं ती तारस्वरात, मधेच थट्टा करत सांगत होती. मग ती निवाऱ्याच्या संडासावर आली. निवारा म्हणजे खांबांवर उभी शाळा, एरवी वर्ग भरतात, वादळात माणसं. तिथं बायकांना वेगळी जागा नाही, आडोसा नाही, मग अंगावर पिणारं मूल असलेली बाई चारशे पुरुषांत जाऊन कशी बसेल? ती घरीच थांबते. "वादळाला नाही, त्या खोलीला घाबरतात," खाला मला नंतर म्हणाली. त्यांच्या तुकडीतल्या पाच जणींनी भांडून जिन्याकडची एक खोली बायकांसाठी राखून घेतली होती. दाराला कडी नव्हती. ती त्यांनी स्वतः वर्गणी काढून बसवली. मी ती कडी बघून आले. साधी लोखंडी, पितळी स्क्रूची.

आणि एक वही होती. शाळेची, दोनशे पानी. तिच्या वाट्याच्या घरांची यादी. कोण पोटुशी, कितवा महिना. कुणाला दिसत नाही. कुणाचा मुलगा ढाक्याला, सून एकटी. कुठल्या घरात गाय आहे आणि ती कुठं बांधायची. ती म्हणाली, दारात जाऊन चला चला म्हटलं तर कुणी येत नाही. आधी गाईचं बोलायचं. गाय सोडवून मी बांधाकडे चालू लागते, मग घरवाली आपोआप मागे येते.

तेव्हा मला यात विशेष काही वाटलं नव्हतं. सहा वर्षांनी आईनं पिशवीची गोष्ट सांगितली तेव्हा मी फोन धरून गप्पच झाले.

या गोष्टीत माझा एक भाग आहे जो मला आवडत नाही. ढाक्यात आम्ही ज्या कारखान्यांत जायचो तिथल्या कितीतरी मुली याच दक्षिणेकडच्या. खारं पाणी शेतात शिरलं की जमीन दोन-तीन हंगाम काही देत नाही, मग एक मुलगी मावशीबरोबर ढाक्याला येते. मीरपूरला एक वस्ती आहे, तिचं नावच भोला बस्ती, नदीनं घरं नेलेल्या भोला बेटावरच्या लोकांनी वसवलेली. त्या मुलींनी शिवलेला शर्ट मी उजेडाला धरून टाके मोजायचे, आणि तो शर्ट जायचा त्या देशांत, ज्यांच्या धुरानं हे पाणी वर चढत आलंय. बांगलादेशातला माणूस वर्षाला जेवढा कार्बन हवेत सोडतो त्याच्या वीसपटीहून जास्त अमेरिकेतला सोडतो. आपण भारतीय जवळपास तिप्पट. हा दुसरा आकडा आपण सहसा सांगत नाही. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याबाहेर साभारला राणा प्लाझा ही कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली आणि अकराशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा मी ढाक्यातच होते. इमारतीला तडे गेलेले आदल्या दिवशी सगळ्यांनी पाहिले होते. खालच्या मजल्यावरची बँक बंद राहिली. वरच्या मजल्यांवरच्या शिवणाऱ्या मुलींना कामावर बोलावलं गेलं. इशारा त्यांनाही कळला होता, पण त्यांच्या गाईची दोरी दुसऱ्याच कुणाच्या हातात होती.

म्हणून खालेचं कौतुक करताना माझी जीभ अडखळते. बाहेरचे लोक येतात, हेल्मेट घातलेल्या बायकांचे फोटो काढतात, किती चिवट माणसं म्हणतात. चिवट आहेतच. पण दोन नंबर मोठ्या गमबुटात कापड कोंबून चालणाऱ्या बाईला चिवट म्हणून आपण मोकळं व्हायचं? ज्यांनी धूर केला त्यांनी झालेल्या नुकसानीचे पैसे द्यावेत, हे छोटे देश तीस-बत्तीस वर्षं मागत होते. 2022 मध्ये शर्म अल-शेखच्या परिषदेत तसा निधी ठरला, 2023 अखेर दुबईत तो सुरू झाला आणि सगळ्यांनी मिळून कबूल केले सत्तर कोटी डॉलरच्या आसपास. बड्या कापड कंपन्यांच्या उलाढाली ज्यांनी जवळून बघितल्यात त्यांना या रकमेचं काय वाटेल ते लिहीत नाही. ढाक्याचे हवामानबदल-तज्ज्ञ सलीमुल हक आयुष्यभर यासाठी भांडले, पैसा वर अडकू नये, गावात पोचावा, असं सांगत राहिले. दुबईची परिषद भरायच्या महिनाभर आधी ते गेले. खालेला यातलं काही माहीत असेल असं वाटत नाही. तिला नवा मेगाफोन हवा होता.

20 मे 2020 ला अम्फान बंगालच्या किनाऱ्यावर आलं. कोविड भरात, माणसांना एकत्र कोंबायची सोय नाही. तिकडे त्यांनी नेहमीच्या चार हजारांऐवजी शाळा-कॉलेजं धरून चौदा हजारांहून जास्त निवारे उघडले आणि चोवीस लाख माणसं हलवली. बांगलादेशातली मृतांची संख्या दोन आकडी राहिली. मैत्रिणीनं मला मास्क लावलेल्या खालेचा फोटो पाठवला होता, हेल्मेटखाली मास्क, वर फक्त डोळे. मी त्यावर लाल बदाम टाकला आणि विसरले. बरोब्बर दोन आठवड्यांनी निसर्ग आमच्याकडे आलं.

आमच्याकडे तयारीची रीत नव्हती असं कसं म्हणू? आगोट आहे ना. मे महिन्यात घर शाकारायचं, लाकूडफाटा आत रचायचा, मिरच्या-मीठ-सुकी मासळी भरून ठेवायची, पडवीला झापं बांधायची. सगळं गाव एकमेकांकडे राबायचं. पण आगोट पावसासाठी आहे. पाऊस यायची वेळ ठरलेली आणि त्याचं येणं हवंसं. वादळाचं काय करायचं हे तिच्यात नाही, कारण ते आमच्या किनाऱ्याच्या सवयीचं नव्हतं. 2009 ला फयान, मग 2020 ला निसर्ग, लगेच पुढच्या मे महिन्यात तौक्ते. आता आई मेच्या शेवटी झापं बांधताना समुद्राकडे कान देऊन असते.

फोन किंचाळला त्या आठवड्यात मी बचत गटातल्या बायकांपुढे खालेच्या वहीचा विषय काढला. सगळ्यांना आवडला. एक वही आणली, आमच्या आळीतली सतरा घरं लिहून झाली. मग एकीनं विचारलं, अमक्या घरची सून पोटुशी आहे हे लिहायचं का, त्यांना आवडेल का? त्यावर चर्चा झाली, चहा झाला. वही सध्या अध्यक्षीणबाईंच्या फ्रिजवर आहे. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र त्या दिवशी अठ्ठावीस अंगठे आले होते. हसू येतं, पण मीही चार दिवसांनी डोंबिवलीला निघून आलेच की. वही धरणारं माणूस गावात राहणारं लागतं.

2024 च्या मेमध्ये पुन्हा गावी होते. 26 तारखेला मोबाइलवर बातमी दिसली, रेमाल वादळ येतंय, मोंगला आणि पायरा बंदरांना दहा नंबर. पायरा म्हणजे खालेच्या अगदी जवळ. मैत्रिणीला फोन लावला, ती ढाक्यात, म्हणाली मलाही लागत नाहीये. मी खालेला नुसता निरोप टाकून ठेवला. संध्याकाळी आई पडवीत झापं बांधत होती आणि मी दोरीचं दुसरं टोक धरून होते तेव्हा व्हॉट्सॲपवर तिचा आवाज आला, अकरा सेकंदांचा. आधी वारा, मग कुणीतरी जोरजोरात श्वास घेतंय, मग ती. तीन निशाणं लावली, चार घरं राहिलीत, नंतर बोलू. तिच्या आवाजामागे हातभोंगा चालू होता. खालून चढत जाणारा, वर गेल्यावर थोडा थरथरणारा, फिरवणारा हात बदलला की मधेच खाली बसणारा.

आईनं दोरी सोडली नाही. मान माझ्या हाताकडे वळवली आणि म्हणाली, "हा तरी खरा ना?"

मी हो म्हटलं.

"परत लाव," म्हणाली.